‘कोण’च्या आधीचा विसावा

दिवे घाट चढून आल्यावर माझ्या तळपायाचा फोड फुटला आणि मी माझ्या दिंडीच्या मागे पडलो. पुणे ते सासवड ही आळंदी-पंढरपूर वाटेवरची मोठी मजल. माउलींच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या लावाव्या लागतात, तिथे माणसाच्या पायांचे काय सांगावे! रस्त्याच्या कडेला बसून मी पायाला पट्टी बांधत होतो. दिवस कलला होता आणि समोरून एकामागून एक दिंड्या हरिपाठ म्हणत चालल्या होत्या.

आपल्या दिंडीत आपण गात असतो, तेव्हा गाणे खऱ्या अर्थाने ऐकू येत नाही, असे मला त्या दिवशी प्रथमच जाणवले. हातात टाळ असतो, पाय पखवाजाच्या ठेक्याशी बांधलेले असतात, पुढचे चरण जिभेवर आणायचे असते. कडेला बसलेल्याला मात्र यांतले काहीच करायचे नसते. एका दिंडीचा आवाज दुरून वाढत येतो, अंगावरून जातो आणि तो विरण्यापूर्वीच त्यात मागच्या दिंडीची वेगळी चाल मिसळते. शब्द ज्ञानेश्वरांचेच, पण प्रत्येक फडाची, प्रत्येक मुलखाची म्हणण्याची रीत निराळी.

अशाच एका दिंडीने हरिपाठाच्या प्रत्येक अभंगाला फिरून येणारे ‘हरि मुखें म्हणा, हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी’ हे ध्रुपद घेतले, ‘पुण्याची गणना’पर्यंत आली आणि ‘कोण करी’ म्हणण्याआधी क्षणभर थांबली. टाळ वाजत राहिले. फक्त गळे थांबले. माझा हात पट्टीवर तसाच राहिला.

माझे वडील असेच थांबत. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की ते ओसरीवर मांडी घालून बसत आणि आम्ही भावंडे त्यांच्यामागून म्हणत असू. धाकटी बहीण चौथ्या-पाचव्या अभंगाला माझ्या खांद्यावर पेंगू लागे. टाळ नसे, वडील गुडघ्यावर हाताने ठेका धरीत. त्यांना दम्याचा त्रास होता, त्यामुळे ‘कोण’च्या आधीची ती जागा श्वास घेण्यासाठीच असणार, असे आम्ही मुलांनी धरून चाललो होतो. त्यांना ओशाळे वाटू नये म्हणून आम्हीही मुद्दाम थांबत असू. ते गेल्यानंतर घरात हरिपाठ चालू राहिला, पण ती जागा आम्ही सोडून दिली. ज्याच्यासाठी थांबायचे, तोच राहिला नव्हता.

आणि इथे धडधाकट, तरण्या छातीची पन्नासएक माणसे त्याच जागी थांबत होती. गुडघ्यावरचा तो हात, बहिणीच्या डोक्याचा खांद्यावरचा भार, वाऱ्याने हलणारी दिव्याची ज्योत हे सगळे त्या एवढ्याशा अवकाशात एकदम परत आले. मी फोटो कित्येकदा पाहिला आहे. त्यातून वडिलांचा चेहरा दिसतो, त्यांचा आवाज येत नाही.

मी लंगडत त्या दिंडीच्या कडेने चालू लागलो. दोन अभंगांच्या मध्ये संधी मिळताच विणेकऱ्यांना विचारले, “माउली, तुम्ही ‘कोण’च्या आधी का थांबता?”

वीणा तशीच छातीशी धरून ते म्हणाले, “आमच्याकडची जुनी चालच आहे ती, माउली. अहो, प्रश्न आहे तो. विचारायच्या आधी माणूस थांबणारच की.”

म्हणजे वडील धाप लागली म्हणून थांबत नव्हते. कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत आलेली चाल ते जशीच्या तशी आमच्या हवाली करत होते, आणि आम्ही तिला त्यांचे दुखणे समजून त्यांच्याबरोबरच निरोप दिला होता. वाईट वाटले, आणि त्याहून कितीतरी अधिक आनंद झाला.

पुढच्या अभंगाचे ध्रुपद आले. ‘पुण्याची गणना’पर्यंत मी त्यांच्याबरोबर म्हटले आणि थांबलो.