मॅग्नेटमागचं तेल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. गेल्या वर्षी पन्हाळ्याकडचे एक मामा टेम्पोत घालून यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल घेऊन आले. १९९६ साली बनायची थांबलेली ही गाडी कोल्हापुरात अजून जिवापाड जपतात.

"मिस्त्री, सपाटीला बरी चालतीया, पन घाटाला लागली की तापून जीव सोडतीया. आन् अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी रेस कमी हुईना."

गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. ते गेल्यावर दोन वर्षं गोठ्यात उभी होती. आधी एका ठिकाणी कार्बोरेटर साफ करून मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, मोठं घातलेलं, दुसऱ्या ठिकाणी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, नवा पिस्टन. पैसे गेले, दुखणं तिथंच.

"रेस कमी हुईना" हे मी डोक्यात धरून ठेवलं. नुसती बोअर झिजलेली गाडी मरगळते, रेस वर चढून बसत नाही. प्लग काढला, तर चुन्यासारखा पांढरा. म्हणजे पेट्रोल कमी, नाहीतर हवा जास्त. कॉकमधून पेट्रोल धो धो येत होतं, टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं होतं, कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही बरोबर. मग हवा. कुठून ओढत असेल तर तिथं फवारा मारल्यावर इंजिनचा आवाज बदलतो. कार्बोरेटरच्या रबरी जॉइंटवर क्लिनरचा फवारा मारला, आवाजात फरक नाही. सिलिंडरच्या खालच्या पॅकिंगवर मारला, तिथंही नाही. दुपार तिथंच गेली.

मग क्रँकच्या टोकाला बसून ठिणगीची वीज करणाऱ्या मॅग्नेटचं कव्हर खोललं. ही जागा कोरडी असायला हवी. मॅग्नेटमागची प्लेट खालच्या अंगाला तेलकट, काळी. तिथं मला उलगडलं. टू-स्ट्रोक इंजिनचं क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरायची पेटी, श्वास घेतं: पिस्टन वर जाताना हवा, पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण आत ओढतं, खाली येताना दाबतं. क्रँकच्या टोकाभोवतीचं रबरी ऑइल सील फाटलं, की दाबताना तेल बाहेर फेकतं आणि ओढताना तिथूनच कोरडी हवा आत घेतं. क्लचच्या बाजूचं गेलं असतं तर गिअरचं तेल ओढून पांढरा धूर आला असता. तो नव्हता. पुलर लावून मॅग्नेट काढला. सील वाळून कडक झालेलं, ओठाला चीर. बेअरिंगला खेळ नव्हता, नाहीतर नवं सीलही टिकलं नसतं.

एवढ्याशा रबरापायी त्या माणसाला बोअरचा खर्च करायला लावला, हे मला अजून लागतं.

नवं सील बसवलं, जेट मूळ मापाचं परत घातलं. दुसऱ्या दिवशी मामांना मागं घेऊन पन्हाळा चढलो. वर गाडी निवल्यावर प्लग काढला, चॉकलेटी. उतरताना अ‍ॅक्सिलेटर सोडला, रेस पटकन खाली आली.

मागून मामा म्हणाले, "परत एकदा सोडा की."