सांगलीकरांचं शहापूर: बेळगावच्या दक्षिण अंगाला एक फेरी

बेळगावला आलेला माणूस किल्ला बघतो, कमल बस्तीपुढे फोटो काढतो, कुंदा बांधून घेतो आणि गोव्याच्या वाटेला लागतो. शहापुरात मुद्दाम कुणी येत नाही. पाहुणे असले तर येतात, नाहीतर लग्नाचा बस्ता आणि सोनं घ्यायला. आम्ही निपाणीची माणसं, त्यामुळे शहापूर म्हणजे घरातल्या बायकांच्या खरेदीचं गाव एवढीच लहानपणापासूनची ओळख. या खेपेला खरेदी नव्हती. स्टेशनपासून शहापूर, वडगाव, तिथून शिवार आणि मग येळ्ळूरचा गड, असं निवांत हिंडायचं होतं.

बाहेरून येणाऱ्यांनी तिकीट काढताना ‘शहापूर’ टाकू नये. एक शहापूर ठाणे जिल्ह्यात आहे, एक थेट यादगीर जिल्ह्यात. तुम्हाला हवं ते बेळगावी स्टेशन. कोल्हापूरहून रस्त्याने अंतर साधारण 110 किलोमीटर, सगळं राष्ट्रीय महामार्गावरून. पुण्याकडून रेल्वे बरी. रात्री बसून सकाळी उतरता येतं.

स्टेशनवरून रिक्षा केली नाही. रिक्षावाले मीटर टाकत नाहीत, आणि कपिलेश्वर मंदिर चालत जाण्याजोगं आहे. दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याती. सोमवारी गर्दी, इतर वारी शांत. तिथून उड्डाणपूल उतरलं की एसपीएम रोड लागतो, शिवाजी उद्यान येतं, आणि आपण शहापुरात कधी शिरलो हे कळतच नाही. मला याच गोष्टीची गंमत वाटते. आज जिथे फूटभरही मोकळी जागा नाही, तिथून एके काळी राज्याची हद्द जात होती.

शहापूर हा सांगली संस्थानचा तालुका. पटवर्धनांचं हे संस्थान सलग नव्हतंच, तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं: सांगली, कुची, मंगळवेढं, तेरदाळ, शिरहट्टी आणि शहापूर. आजच्या हिशेबाने तेरदाळ बागलकोट जिल्ह्यात, शिरहट्टी गदगमध्ये आणि मंगळवेढं सोलापुरात. 1818 मध्ये इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, पश्चिमेला कॅम्प वसवला आणि शहर त्यांच्या कारभाराखाली गेलं. पण दक्षिणेला लागून असलेली ही पेठ सांगलीकरांचीच राहिली. तिची कचेरी वेगळी, बाजार वेगळा. कचेरी गल्ली अजून आहे. खडे बाजारही दोन आहेत, एक बेळगावचा आणि एक शहापूरचा, आणि पत्ता सांगताना कुठला ते स्पष्ट सांगितलं नाही तर रिक्षा भलतीकडे जाते. सरकारी हायस्कूलला चिंतामणराव पटवर्धनांचं नाव आहे. बेळगावच्या शाळेला सांगलीच्या राजाचं नाव का, असं नवख्याला वाटणारच.

पण हद्दीची खरी खूण दगडाविटांत नाही, ती रंगात आहे. बेळगाव शहरात रंग खेळतात धुळवडीला. शहापूर, वडगाव, खासबाग भागात मात्र रंगपंचमीला. 8 मार्च 1948 रोजी सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याला पाऊण शतक उलटलं, तरी रंगाचं वेळापत्रक काही विलीन झालेलं नाही. पोरांना दोन्हीकडे खेळायला मिळतं, म्हणून त्यांची तक्रार नाही. त्या दिवसांत येणार असाल तर दोन्ही तारखा बघा आणि जुने कपडे दोन जोड घ्या.

पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. 1966 मध्ये सीमावाद सोडवायला महाजन आयोग नेमला गेला. त्याने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर धरून 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हटलं, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने ते मानलं नाही. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. 2014 मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. शहापुरातल्या मोठ्या चौकाला बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव आहे. ते वेंगुर्ल्याचे, राजापूरचे खासदार. सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा 17 जानेवारीचा हुतात्मा दिन इथे पाळतात; 1971 साली त्या दिवशी नाथ पै बेळगावात बोलले आणि 18 तारखेला इथेच वारले. चौकात उभं राहून हे आठवायला वेळ मिळत नाही म्हणा, वाहतूक तेवढी उभं राहू देत नाही.

वस्तीचं म्हणाल तर 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पाच लाखांच्या आतबाहेर माणसं होती, आणि हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी वगैरे लगतची गावं धरून सहा लाखांवर. जिल्हा 47.79 लाखांचा. त्यानंतर काय वाढलं ते डोळ्यांनीच दिसतं: वडगावच्या कडेला जिथे भाताचे गादे होते तिथे आता प्लॉट आणि त्यांवर नळाची वाट बघणारी घरं. पण शहापूरचा जुना गाभा आकड्यांतून कळत नाही, गल्लीतून कळतो. सराफांच्या पेढ्यांवर दैवज्ञ, दुकानदारीत लिंगायत आणि जैन, मागावर देवांग, शेतावर मराठे, आणि या सगळ्यांत मिसळून मुसलमान कारागीर आणि व्यापारी. माणूस गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. माझ्यापुढे उभी असलेली काकू दुकानदाराशी मराठीत घासाघीस करत होती आणि मागच्या बाईशी कन्नडमध्ये दुकानदाराला नावं ठेवत होती. दुकानदाराला दोन्ही समजत होतं.

एके काळी शहापूर हातमागाच्या साड्यांसाठी लांबवर माहीत होतं. आज ‘शहापुरी’ म्हणून समोर येईल ते बहुतेक यंत्रमागाचं, आणि ते वडगाव, खासबागेतल्या घरांतून विणून येतं. दुपारी वडगावच्या गल्ल्यांतून गेलात तर दाराआडून खटखट ऐकू येते. सूत मालकाचं, विणणाऱ्याला मजुरी साडीमागे. एका मागवाल्या मामांनी आत बोलावून चहा दिला. “माग हाईत, खरं पोरं बसत नाहीत,” म्हणाले. त्यांचा मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात जातो. महिन्याला ठरलेला पगार मिळतो, सणासुदीच्या मागणीवर जीव टांगलेला नसतो. साडी घ्यायची असेल तर हातमाग की यंत्रमाग हे सरळ विचारा. चांगला दुकानदार लपवत नाही. आणि बिनविचारता कुणाच्या मागाचे फोटो काढू नका.

वडगावची मंगाई देवीची जत्रा आषाढात, मंगळवारी. त्या दिवशी गाडी घेऊन आत शिरायचा विचारही नको. एरवी देऊळ छोटेखानी, पाच मिनिटांत दर्शन होतं.

मला सगळ्यात आवडलं ते वस्ती संपते तिथलं. शहापूर, वडगाव, अनगोळ, हलगा, येळ्ळूर, धामणे असं शिवार एकमेकांत मिसळलेलं आहे आणि जमीन काळी. बेळगाव सह्याद्रीच्या पूर्व उताराच्या माथ्यावर आहे. पश्चिमेला खानापूर पावसाने झोडपतो, पूर्वेला गोकाकच्या बाजूला कोरडं होत जातं. हे शिवार त्या दोन्हींच्या मध्ये. पावसाळ्यात भात. भात कापलं की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. बेळगावचा बासमती म्हणतात तो इथला. शिजायला लागला की वास शेजारच्या घरात जातो, हे मात्र अस्सल असेल तरच.

या शिवाराचं दुखणं म्हणजे बळ्ळारी नाला. येळ्ळूरच्या बाजूने येतो, वडगाव-हलग्याकडून जाऊन मार्कंडेय नदीला मिळतो. वर शहराचं सांडपाणी त्यात, खाली गाळ आणि जलपर्णी. जोराचा पाऊस लागला की पाणी पसरतं आणि उभं भात कुजतं. त्यात हलगा-मच्छे बायपास याच सुपीक पट्ट्यातून नेलेला. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर भांडले. माझं मत विचाराल तर शहराला बाहेरून रस्ता हवा हे खरं, पण तो नेमका तिबार पिकाच्या जमिनीतूनच न्यावा हे पटत नाही. बांधावरून फिरताना विचारून जा आणि पेरलेल्यात पाय टाकू नका.

येळ्ळूरचा राजहंसगड शहरापासून पंधराएक किलोमीटर. रस्ता थेट वर जातो, त्यामुळे म्हातारी माणसंही येऊ शकतात. वर सिद्धेश्वराचं मंदिर आणि 2023 च्या मार्चमध्ये उभा राहिलेला शिवरायांचा भव्य पुतळा. त्या पुतळ्याचं उद्घाटन निवडणुकीच्या तोंडावर एकाच आठवड्यात दोनदा झालं, एकदा सत्ताधाऱ्यांकडून आणि एकदा विरोधकांकडून! सकाळी लवकर गेलात तर तटावरून अख्खं शिवार खाली दिसतं आणि शहर कुठवर सरकलंय ते एका नजरेत कळतं. येळ्ळूरपर्यंत सिटी बस आहे. पुढे चाल किंवा रिक्षा. वर सावली कमी, पाणी बरोबर ठेवा.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. लाजू नका, “वडगावला जाते काय?” असं मराठीत विचारा, कंडक्टर बहुतेक वेळा मराठीतच उत्तर देतो. दुकानांच्या फलकांवर 60 टक्के कन्नड असावं असा नियम 2024 पासून आहे, तेव्हा मराठी नाव खाली, बारीक अक्षरात शोधा. कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. आमच्या बरोबरच्या मावशी कोल्हापूरच्या, त्यांना लागलं. आधार कार्डावरचा पत्ता बघतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ, पण 1 नोव्हेंबर टाळा. त्या दिवशी एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिन, आणि शहरभर बंदोबस्त. डिसेंबरात सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा लॉजचे दर चढतात. सीमेवर तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या अचानक बंद होतात. निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा आणि परतीला रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवा. तांदूळ घ्यायचा असेल तर डिसेंबरनंतर या, आणि चकचकीत पिशवीपेक्षा वडगाव-येळ्ळूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरून घ्या. पाचएक किलो घ्या, जास्त नको. नवा तांदूळ चिकट होतो, तो घरी काही महिने ठेवावा लागतो.