फडक्यावरचं पाऊल

मंगळवार, रात्र. लिस्बन.

आज राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात एकाच चित्रासमोर दोन तास उभी होते. डच चित्रकार हिएरोनिमस बॉशचं 'संत अँथनीचं प्रलोभन': वाळवंटात एकटं तप करणाऱ्या ख्रिस्ती साधूला भुतं छळतात, भुलवतात, ती गोष्ट. चित्र साधारण 1500 सालचं, ओकच्या तीन फळ्यांवर तैलरंगात रंगवलेलं. कडेच्या फळ्या दारांसारख्या मिटतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूंना करड्या रंगात ख्रिस्त आहे: एकीकडे त्याला पकडताहेत, दुसरीकडे तो क्रूस वाहतोय.

आत मात्र आभाळसुद्धा मोकळं नाही. डावीकडे भुतांनी संताला वर उचलून नेलंय. खाली स्केट घातलेला एक पक्षी निघालाय, डोक्यावर उलटं नरसाळं, चोचीत चिठ्ठी. मधल्या फळीत मागे अख्खं गाव पेटलंय.

आणि त्याच फळीत, उंच टोपीवाल्या माणसासमोर, पांढऱ्या फडक्यावर ठेवलेलं एक तुटकं पाऊल. वाळून काळं पडलेलं. तिथून माझी नजर हलेना.

त्या काळी युरोपात राय धान्यावर अरगट पडायचा. कणसात दाण्याच्या जागी काळी, शिंगासारखी बुरशी. तिची भाकरी पोटात गेली की हातापायांची आग आग व्हायची, रक्तवाहिन्या आखडायच्या, बोटं, पावलं काळी पडून झडायची. कुणाला झटके यायचे, भास व्हायचे. लोक या रोगाला 'संत अँथनीची आग' म्हणत, आणि त्याच्या नावाच्या मठांतले साधू या रोग्यांची शुश्रूषा करत.

अरगट हा शब्द मला घरचा. आमच्याकडे बाजरीवर पडतो तो याच बुरशीचा भाऊबंद. पेरणीआधी आजोबा दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, त्यात बियाणं ओतायचे. वर तरंगलेलं सगळं ओंजळीनं काढून टाकायचे, मग बी दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. "हे पोटात गेलं की माणूस ओकतो, गुंगतो," म्हणायचे. आम्हा पोरांना त्या बादलीला हात लावू द्यायचे नाहीत.

म्हणून मला बॉशची ही भुतं नुसत्या कल्पनेतली वाटत नाहीत. ज्यांच्या अंगाची अशी आग झाली असेल, त्यांना आभाळात काय काय दिसलं असेल!

सगळ्या गदारोळाच्या मधोमध अँथनी गुडघे टेकून बसलाय. भुतांकडे त्याचं लक्षच नाही. मान वळवून तो थेट आपल्याकडे बघतो, उजवा हात आशीर्वादाला उचललेला. त्याच्या मागे, पडक्या देवळाच्या अंधारात, अगदी लहानसा ख्रिस्त उभा आहे. तो मला तासाभरानं दिसला.

निघताना पुन्हा त्या पावलाजवळ गेले. फडकं किती स्वच्छ रंगवलंय त्यानं.