टॅबलेटवर नुसत्या कीबोर्डने ब्राउझिंग: लिंक निवडणं आणि मराठी मांडणीचा गुंता

साधनं नेहमीचीच: आयपॅड, त्याला जोडलेला कीबोर्ड आणि सफारी हा ॲपलचा ब्राउझर. हात कळांवरून उचलून काचेवर न्यावा लागू नये, एवढंच उद्दिष्ट. टॅब उघडणं-मिटणं, पत्ता टाकणं, पानात शोधणं हा भाग आता पक्का झालाय. त्याची उजळणी थोडक्यात करून लिंक निवडण्याकडे वळू, कारण खरी अडचण तिथेच येते.

2019च्या आयपॅडओएस 13मध्ये (आयपॅडच्या कार्यप्रणालीची आवृत्ती) सफारी डेस्कटॉपच्या बरीच जवळ आली आणि शॉर्टकटही भरपूर वाढले. कमांड कळ दाबून धरली की चालू ॲपचे शॉर्टकट पडद्यावर दिसतात, म्हणून पाठांतराच्या मागे लागू नका. रोजच्या कामाला पुरणारे असे: पत्त्याच्या पट्टीसाठी कमांड-एल, नव्या टॅबसाठी कमांड-टी, मिटवायला कमांड-डब्ल्यू, चुकून मिटलेला परत आणायला कमांड-शिफ्ट-टी, पुढच्या टॅबवर कंट्रोल-टॅब, मागच्यावर कंट्रोल-शिफ्ट-टॅब. मागे-पुढे जायला कमांडसोबत चौकोनी कंसाच्या दोन कळा. कमांड-शिफ्ट-आर हा रीडरचा (फक्त लेखाचा मजकूर दाखवणाऱ्या सोयीचा) शॉर्टकट मात्र आवर्जून अंगवळणी पाडावा. बातम्यांच्या पानांवरचा पसारा त्याने एका झटक्यात हटतो आणि मग स्पेसने सलग वाचत जाता येतं. वर सरकायला शिफ्ट-स्पेस, थेट माथ्याला किंवा तळाला जायला कमांडसह वरचा-खालचा बाण.

एस्केप कळ नसलेल्या कीबोर्डवर (2020चा आयपॅडचा मॅजिक कीबोर्ड त्यातलाच) कमांड-पूर्णविराम एस्केपचं काम करतो. आणखी सोपं हवं असेल तर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, हार्डवेअर कीबोर्ड, मॉडिफायर कीज या वाटेने कॅप्स लॉकला एस्केप बनवता येतं. हार्डवेअर कीबोर्डची ओळ कीबोर्ड जोडलेला असतानाच दिसते; ती सापडत नसेल तर आधी जोडणी तपासा. मात्र कॅप्स लॉकने भाषा बदलायची सवय असेल तर हा बदल करू नका. एका कळीकडून दोन्ही कामं होणार नाहीत.

लिंक निवडणं

नेहमीच्या स्थितीत टॅब कळ फॉर्ममधल्या रकान्यांवर फिरते, लिंकवर थांबत नाही. त्यासाठी सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत कीबोर्डच्या विभागात फुल कीबोर्ड ॲक्सेस सुरू करावा लागतो. मग निवडलेल्या घटकाभोवती चौकट दिसते, टॅब आणि बाणांनी ती हलते आणि स्पेसने तो घटक उघडतो. पण शंभर लिंकांच्या पानावर एकेक पायरी चढत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. इथे खरा उपयोगाचा शॉर्टकट टॅब-एफ आहे. टॅब धरून एफ दाबा, लिंकच्या नावातली दोन-चार अक्षरं टाइप करा, चौकट तिथे जाते, मग स्पेस. पानात मजकूर शोधणारा कमांड-एफ वेगळा. तो शब्द रंगवून दाखवतो, पण लिंक उघडून देत नाही. टॅब-एच दाबल्यावर या सोयीतल्या सगळ्या आज्ञांची यादी येते.

नवख्यांची हमखास तक्रार असते की आता स्पेसने पान सरकत नाही. बिघाड काही नाही, फुल कीबोर्ड ॲक्सेस सुरू असताना स्पेस निवडलेला घटक उघडते. म्हणून ही सोय कायम चालू ठेवू नये, असं आमचं मत. ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटच्या यादीत फुल कीबोर्ड ॲक्सेसवर खूण करा. मग वरचं बटण (होम बटण असलेल्या आयपॅडवर होम) तीनदा दाबून ती चालू-बंद होते. बटणापर्यंत हात न्यावा लागतो खरा, पण लांबलचक लेख वाचताना ती बंद असलेलीच बरी. चौकट नीट दिसत नसेल तर फुल कीबोर्ड ॲक्सेसच्याच सेटिंगमध्ये आकार, रंग आणि हाय काँट्रास्ट बदलता येतात. ऑटो-हाइडची (चौकट आपोआप लपण्याची) वेळ फार कमी ठेवली तर चौकट मधूनच नाहीशी होते आणि पुढे कुठून जायचं ते कळत नाही.

मराठी मांडणी

मांडणी म्हणजे कोणत्या कळीने कोणतं अक्षर उमटतं ते. आपल्या वाचकांना सगळ्यात जास्त हाच भाग नडतो. बऱ्याच साइटवर एकाक्षरी शॉर्टकट असतात: पुढे जायला जे, मागे यायला के, शोधाला तिरकी रेघ. कळ कुठे आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. बऱ्याचदा ते उमटलेलं अक्षर पाहतात. इन्स्क्रिप्ट ही देवनागरी मांडणी चालू असेल तर जे दाबल्यावर र उमटतो, के दाबल्यावर क आणि तिरक्या रेघेच्या जागी य. साइटला काहीच उमगत नाही आणि आपण कीबोर्डला दोष देत बसतो. पत्त्याच्या पट्टीतही तेच: इंग्रजी पत्ता देवनागरीत उमटला की सफारी तो पत्ता न मानता शोधायला पाठवते.

उपाय साधा आहे. मूळ स्थिती इंग्रजी मांडणीची ठेवा, मराठी फक्त लिहिण्यापुरती आणा आणि रकान्यातून बाहेर पडण्याआधी परत इंग्रजीवर या. बदलायला कंट्रोल-स्पेस किंवा ग्लोब कळ. लागत नसलेल्या भाषा यादीतून काढून टाका, म्हणजे दोनच राहतील आणि अंदाज चुकणार नाही.

मराठी पानात शोधताना आणखी एक खोड. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: काही पानांत ऱ हे स्वतंत्र अक्षर, तर बऱ्याच जुन्या पानांत साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्याच्या लेखी ती वेगळी अक्षरं ठरू शकतात, म्हणून शब्द समोर असूनही सापडत नाही. ‘ॲप’मधल्या ॲचंही तसंच. पूर्ण शब्द टाकण्याऐवजी ‘दुस’ एवढंच टाकलं की काम होतं. टॅब-एफसाठीही लिंकच्या नावातला असा निर्धोक तुकडा निवडा.

अँड्रॉइड टॅबलेटबद्दल थोडक्यात. क्रोममध्ये कमांडच्या जागी कंट्रोल, बाकीची अक्षरं बरीचशी तीच. टॅब कळ मुळातच लिंकवर थांबते आणि एंटरने लिंक उघडते, म्हणून वेगळी सोय चालू करावी लागत नाही. कीबोर्ड जोडूनही पडद्यावरचा कीबोर्ड वर येत असेल तर फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तो बंद करा.

पुढची चाचणी सफारीच्या एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरमध्ये वरून बसवायच्या छोट्या सोयींची. आयपॅडओएस 15पासून ती चालतात, आणि एक कळ दाबताच प्रत्येक लिंकवर अक्षरांची चिठ्ठी दाखवणारा प्रकार टॅब-एफपेक्षा जलद ठरतो का, ते पाहायचं आहे. बसवताना साइट वाचायची परवानगी द्यावी लागते, म्हणून बँकेच्या साइटना ती नाकारून सुरुवात करायची. मराठी मांडणी चालू असताना ती कळ ओळखली जाते का, ही पहिली तपासणी.