ग्रब सात नंबरची खोली शोधत होता

सांगलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं अशी कामं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम आहेत, विंडोज ७ आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार). जुनी सगळी कामं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असल्यामुळे विंडोज सोडता येत नाही. ते फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. मेल आणि नवीन युनिकोडचं काम मी उबंटूवर करतो.

मार्गशीर्षातली गोष्ट. डी ड्राइव्ह गच्च भरली होती आणि शेजारची ई निम्मी रिकामी. मी ईमधला सगळा माल बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतला. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ई उडवली आणि मोकळी झालेली जागा डीला जोडली. डी मोठी झाली. समाधानानं मशीन रिस्टार्ट केलं.

काळा पडदा. वर एकच ओळ, 'एरर: अननोन फाइलसिस्टम'. तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. दोन सिस्टीमची निवड करायचा मेनूच आला नाही. उबंटू नाही आणि विंडोजही नाही.

संध्याकाळचे सात वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता एका पत्रिकेची फाइल प्रेसला द्यायची होती. प्रूफ पास झालेलं, फाइल डीवर. पत्रिकेचं काम एक दिवस पुढे ढकलता येत नाही, कारण मुलीच्या वडिलांना ती वाटायला गावोगाव फिरायचं असतं.

ओळखीच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, पार्टिशन उडालं असणार. मशीन घेऊन या, फॉरमॅट मारायला लागंल."

माझ्या पोटात गोळा आला. त्या डिस्कवर मी आजवर केलेल्या सगळ्या पत्रिका आहेत. थोरलीच्या लग्नाची पत्रिका करून गेलेलं घर धाकटीच्या लग्नाला परत येतं आणि म्हणतं, तशीच करा, नावं तेवढी बदला. ईचा बॅकअप घेतला होता, डीचा नव्हता. मी त्याला म्हटलं, "आज राहू दे, उद्या बघू." फोन ठेवला आणि मोबाइलवर ग्रबबद्दल वाचायला बसलो. तोपर्यंत मला एवढंच माहीत होतं की ग्रब म्हणजे मशीन चालू झाल्यावर दिसणारा मेनू.

वाचता वाचता जे कळलं ते असं. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला तुकडा ५१२ बाइट्सचा असतो. त्यातले ६४ बाइट्स पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, यादीला जातात, शेवटचे २ खुणेला, उरतात ४४६. एवढ्याशा जागेत मेनू मावत नाही. म्हणून ग्रब तिथे फक्त सुरुवातीचा तुकडा ठेवतो, त्याच्या पाठोपाठच्या मोकळ्या जागेत दुसरा, आणि बाकीचा संसार लिनक्सच्या पार्टिशनमध्ये, 'बूट' फोल्डरच्या आत. तो संसार कुठल्या नंबरच्या पार्टिशनमध्ये आहे, हे दुसऱ्या तुकड्यात लिहून ठेवलेलं असतं.

घोळ तिथेच होता. माझ्या डिस्कवर १ आणि २ विंडोजचे. ३ नंबर म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशन, आणि त्याच्या पोटात डी ५, ई ६, उबंटू ७, स्वॅप (मेमरी कमी पडली तर उबंटू वापरतं ती जागा) ८. पोटातल्या या पार्टिशनना कायमचे नंबर नसतात, ती ओळीनं मोजली जातात. चाळीतली मधली खोली काढून टाकली आणि मालकानं दारांवरचे नंबर नव्यानं रंगवले तसं झालं. उबंटू सातवरून सहावर आलं, स्वॅप आठवरून सातवर. ग्रबजवळ जुना पत्ता. त्यानं सात नंबरचं दार वाजवलं, आत निघाला स्वॅप, आणि तिथे त्याला वाचता येण्यासारखं काहीच नव्हतं. 'अननोन फाइलसिस्टम'चा अर्थ डिस्क खराब झाली असा नव्हताच. तो चुकीच्या दाराशी उभा होता. हे वाचलं तेव्हा मला सुटकेचं रडू आलं, खरंच सांगतो.

मग कर्सरपुढे 'एलएस' टाइप केलं. पार्टिशनची यादी आली. डिस्कचं नाव 'एचडी०' आणि स्वल्पविराम देऊन पुढे 'एमएसडॉस६', 'एमएसडॉस५' असं. एकेकाचं नाव कंसात देऊन पुढे तिरकी रेघ मारली की आत काय आहे ते दिसतं. १, २ आणि ५ वर तीच एरर आली. ते बरोबरच होतं, कारण या अवस्थेत ग्रबला विंडोजची पार्टिशनं वाचता येत नाहीत. ६ वर एंटर मारलं आणि भराभर नावं आली: बूट, ईटीसी, होम, युएसआर. माझं घर जागेवर होतं.

पुढे चार ओळी. 'सेट रूट' म्हणून सहा नंबरचं पार्टिशन. 'सेट प्रीफिक्स' म्हणून त्याच पार्टिशनमधला बूटच्या आतला ग्रब फोल्डर. 'इन्समॉड नॉर्मल'. आणि नुसतं 'नॉर्मल'. एकही अक्षर चुकून चालत नाही आणि टॅब दाबून नाव पुरं होत नाही, म्हणून मी हळूहळू, मोठ्यानं म्हणत टाइप केलं. एंटर मारलं आणि मेनू आला!

आधी विंडोज उघडलं. डी उघडली, पत्रिकेची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच पाणी प्यायलो.

उबंटू मात्र सरळ उठलं नाही. दीड मिनिट वाट बघायला लावलं आणि 'इमर्जन्सी मोड' म्हणून थांबलं. पण तोवर एरर नीट वाचायची सवय लागली होती. कधी काळी मी ई ड्राइव्ह उबंटूमध्ये आपोआप जोडली जावी म्हणून 'एफएसटॅब' फाइलमध्ये ओळ घातली होती. ई आता नव्हतीच, आणि उबंटू तिची वाट बघत बसलं होतं. एंटर दाबून आत गेलो, 'नॅनो' या एडिटरमध्ये ती फाइल उघडली, ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकला आणि सेव्ह केलं. रिस्टार्ट केल्यावर परत तोच काळा पडदा, कारण ग्रबचा पत्ता अजून बदललेला नव्हता. चारही ओळी परत टाइप केल्या. या वेळी बोटं थरथरली नाहीत.

उबंटू उठल्यावर टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' आणि त्यानंतर 'सुडो ग्रब-इन्स्टॉल'. इथे एक जपायचं: ग्रब-इन्स्टॉलला अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, 'एसडीए'. आपलं पार्टिशन सहावं म्हणून 'एसडीए६' द्यायचं नाही, कारण सुरुवातीचा तुकडा डिस्कच्या तोंडाशी बसतो, खोलीच्या आत नाही. शेवटी 'नो एरर रिपोर्टेड' अशी ओळ आली. रात्रीचा पाऊण वाजला होता.

हे सगळं जुन्या बायॉसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) मशीनचं. बायॉसच्या जागी युईएफआय असलेल्या नव्या मशीनवर मांडणीच वेगळी असते. तिथे बूट होणाऱ्या फाइली एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये राहतात आणि कोण आधी उठणार याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत. तिथे 'ईएफआयबूटएमजीआर' या कमांडनं ती यादी बघावी लागते, माझ्या या चार ओळी तशाच्या तशा लावू नका.

सकाळी दहाला फाइल प्रेसला पोचली. दुकानात परत आल्यावर मी पार्टिशनची यादी नंबरांसकट प्रिंट काढली, खाली त्या चार ओळी पेननं लिहिल्या आणि कागद सीपीयूच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावला. मग डीचा बॅकअप सुरू केला. तो दुपारी तीनपर्यंत चालला.