डेटाबेस जोडला जात नाही? आधी एरर नंबर वाचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं ऑर्डरचं वेब ॲप मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालत असेल आणि कनेक्शन तुटलं, तर लगेच पासवर्ड बदलू नका. नंबर पाहा.

१०४५ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचलात. युजर, पासवर्ड किंवा होस्ट जुळत नाही. मायएसक्यूएल युजरला होस्टसकट ओळखतं, त्यामुळे लोकलहोस्टसाठी, म्हणजे सर्व्हरच्याच मशीनसाठी, केलेला युजर दुसऱ्या मशीनवरून चालत नाही. २००३ म्हणजे जोडणीच झाली नाही. लिनक्सवर त्यासोबत १११ दिसला तर समोरून नकार आलाय: सर्व्हिस बंद असेल, पोर्ट ३३०६ नसेल, किंवा बाइंड-ॲड्रेस (सर्व्हर कोणत्या पत्त्यावर ऐकतो ती सेटिंग) १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरता, अडकला असेल. ११० दिसला तर उत्तरच आलेलं नाही. आधी फायरवॉल बघा.

सगळ्यात फसवा दोष वेगळाच. रात्रभर काम बंद, सकाळची पहिली रिक्वेस्ट पडते आणि दुसरी बिनबोभाट चालते. वेट-टाइमआउट या सेटिंगची मूळ किंमत २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. तेवढा वेळ रिकामं राहिलेलं कनेक्शन सर्व्हर बंद करतो, पण पूलला (ॲप पुन्हा वापरायला उघडी ठेवतं त्या कनेक्शनांचा साठा) ते जिवंतच वाटतं. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य त्याहून बरंच कमी ठेवा, ३० मिनिटं पुरेत, आणि वापरायला देण्याआधी तपासणी चालू करा. टाइमआउट वाढवणं हा उपाय मला पटत नाही. रिकामी कनेक्शनं साचत जातात.

साचली की १०४० येतो, म्हणजे कनेक्शनं मर्यादेबाहेर गेली. मूळ मर्यादा १५१ आहे. ॲपच्या ४ प्रोसेस आणि प्रत्येकीचा पूल ४० चा, म्हणजे १६०. मर्यादा वाढवण्याआधी पूल २० वर आणून पाहा.