सॅम नाही, मॅम नाही

वजन ८.४ किलो, लांबी ७४ सेंटीमीटर, दंडघेर १३.२ सेंटीमीटर. आमच्या कामातल्या कुणालाही हे आकडे सांगितले तर तो विचारेल, मग अडचण काय? दंडघेराची पट्टी हिरव्यात आहे, लांबीच्या मानाने वजन साधारण श्रेणीत आहे, पावलावर अंगठा दाबला तर खड्डा पडत नाही, म्हणजे सूज नाही. मूल सॅम (तीव्र कुपोषित) नाही, मॅम (मध्यम कुपोषित) नाही. पुढचं घ्या.

मुलगी बावीस महिन्यांची होती, ही अडचण.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकात डॉक्टर आहे. तालुका रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा. वर्षातून दोनदा आम्ही प्रत्येक अंगणवाडीत जातो आणि तिथल्या यादीतली मुलं तपासतो. यादीत नाव नसलेलं मूल कुणी मुद्दाम दाखवलं तरच आमच्यासमोर येतं. त्या फेब्रुवारीत सेविकाताई म्हणाल्या, "मॅडम, वर बागेत गुरख्याची दोन पोरं आहेत. माझ्याकडे नाव नाही त्यांचं, पण धाकटीला एकदा बघा. नीट चालत नाही अजून." ताईंना यासाठी मानधनात एक रुपया जास्त मिळणार नव्हता. तरी त्या उन्हात आमच्याबरोबर सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढल्या.

हापूसच्या बागांची राखण हल्ली बहुतेक ठिकाणी नेपाळी कुटुंबं करतात. दसऱ्यानंतर येतात, आंबा उतरला की पावसाच्या तोंडावर जातात. जोडप्याला मिळून एक पगार, राहायला पत्र्याची खोली. गावात सगळ्यांचं नाव एकच, गुरखा. हंगामभर शेजारी राहिलेल्या माणसाचं खरं नाव विचारावंसं आपल्याकडे फारसं कुणाला वाटत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते. इन्फंटोमीटरवर एकीने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, नजर सरळ वर. दुसरीने गुडघे अलगद दाबून सरळ करायचे आणि खालची फळी तळव्यांना भिडवायची. मूल रडत गुडघा मुडपतं, तेवढ्यात दीड-दोन सेंटीमीटर गेले. म्हणून मग घाईत लोक मुलाला भिंतीशी उभं करतात, किंवा मागच्या महिन्याच्या आकड्यात अर्धा सेंटीमीटर मिळवून लिहून टाकतात. मला याची मनस्वी चीड आहे. उभं मोजलं तर ०.७ सेंटीमीटर मिळवावे लागतात, हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक नसतं. आम्ही खोलीसमोर सतरंजी घालून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा ७४.

वय ठरवणं त्याहून अवघड. जन्माचा कागद गावी, आणि गाव नेपाळच्या डोंगरात. आईने साल सांगितलं २०८०, महिना वैशाख. विक्रम संवताचा तो वैशाख म्हणजे आपला २०२३ चा एप्रिल-मे. इथे दोन-चार महिन्यांची चूक झाली तर निदानच बदलतं, म्हणून वडिलांना वेगळं बोलावून विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीची मधली लांबी ८४ सेंटीमीटरच्या आसपास येते. आमची मुलगी उणे तीन एसडीच्याही, म्हणजे तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही, खाली होती. वाढ तीव्र खुंटलेली. वजनही वयाच्या मानाने कमी, पण लांबीच वाढली नसल्याने ते तिला साजेसं दिसतं आणि हडकुळं मूल शोधणारी आमची सगळी साधनं तिला पास करतात.

तेवढ्यात बागायतदार मोटारसायकलवरून आले. माणूस वाईट नाही, पोरांना ताप आला की स्वतः औषध आणून देतात. म्हणाले, "ओ डॉक्टर, ही माणसं असतातच ठेंगणी. बापूस बघा ना केवढा!"

हे मी कातकरी वाडीबद्दल ऐकलंय, चिरेखाणीवरच्या मजुरांच्या पोरांबद्दल ऐकलंय. एमबीबीएस झालेल्यांच्या तोंडूनही ऐकलंय. म्हणून उत्तर पूर्ण देते. ज्या तक्त्यावर आम्ही मुलं मोजतो, तो १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून बनला. भारतातली मुलं दिल्लीची होती. पोटभर आहार, आईचं दूध, स्वच्छ घर मिळालेली ही मुलं साही देशांत जवळपास सारखीच वाढली. पाच वर्षांपर्यंत उंची ठरते त्यात रक्ताचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

मग तिचं काय झालं होतं? आईचं दूध चालू होतं, त्याबद्दल त्या माउलीला मानलं पाहिजे. पण वरचं अन्न म्हणजे चहा-बिस्कीट, भात आणि डाळीचं पाणी. अंडं क्वचित. पिण्याचं पाणी फवारणीचा पिंप भरायच्या टाकीतलंच. शौचाला कातळावर. जुलाब सारखे, आणि दर जुलाबाला आठवडाभर खाणं तुटतं, आतडं खाल्लेलंही नीट शोषत नाही. मोहोरावर फुलकिडे आलेले, त्यामुळे बाप पंप घेऊन आणि आई त्याच्यामागे पाइप ओढत दिवसभर बागेत, मध्येच वानरं हाकलायची. धाकटी कुणाकडे? सहा वर्षांच्या बहिणीकडे. तिलाही शाळा नाही.

मुलगी धरून उभी राहत होती, चालत नव्हती. एक शब्द नाही. हवी ती वस्तू बोटाने दाखवणं नाही. बापाची समजूत ती मुकी आहे अशी. तळहात पांढरेफटक. जिल्हा रुग्णालयात नेलं तेव्हा कान उत्तम निघाले आणि हिमोग्लोबिन ७.२, फारच कमी. लोह या वयात नुसत्या रक्ताला लागत नाही, मेंदूच्या जोडण्यांनाही लागतं. त्यात दिवसभर तिच्याशी बोलणारं मोठं माणूसच नाही.

रुग्णालयात न्यायला हंगामातला एक अख्खा दिवस लागला. बागायतदारांनी तो कुरकुरत दिला, पण पगार कापला नाही.

अंगणवाडीतल्या आहाराचं मात्र अडलं. नोंदणीसाठी आईचं आधार हवं, ते नाही. वरच्या कार्यालयात मला विचारलं गेलं, सॅम नाही ना? मॅमही नाही? मग एवढं का लावून धरताय? आणि आपल्या देशातलं मूलही नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्याचं कलम ५ मी छापून नेलं होतं. त्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार म्हटलंय, नागरिकत्वाची अट घातलेली नाही. वाद घालायला कुणी तयार नव्हतं, सही करायलाही नाही. शेवटी ताईंनी गावच्या महिला बचत गटातून रोज एक अंडं आणि मऊ खिचडीची सोय केली. लोहाचं औषध त्या स्वतःसमोर पाजत. थोरलीला अंगणवाडीत बसवून घेतलं, तिच्यामागून धाकटीही येऊ लागली.

एप्रिलअखेर ती चालत होती. दोन-तीन नेपाळी शब्दही आले होते. लांबी म्हणावी तशी हलली नव्हती, ती इतक्यात हलत नाही. जूनमध्ये कुटुंब गेलं. ते पुन्हा याच बागेत येईल का, आणि तिची दोन वर्षं तर तेव्हाच उलटली होती, हे डोक्यातून जात नाही. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांबद्दल आम्ही भिंती रंगवतो, आणि तिचे बरेचसे दिवस आम्हाला ती माहीत होण्याआधीच गेले होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. तरी आढावा बैठकीत विचारणा सॅम-मॅमचीच होते. वाढ खुंटलेल्या दोन वर्षांखालच्या मुलांची वेगळी यादी वाचली जावी आणि बागांच्या हंगामात सड्यावर एक पाळणाघर चालावं, असं मी लेखी दिलंय. उत्तराची वाट बघतेय.

तुमची किंवा नात्यात कुणाची आंब्याची बाग असेल तर दसऱ्यानंतर राखणीला जोडपं येईल तेव्हा सोबत मूल आहे का, ते विचारा, आणि असेल तर त्याच आठवड्यात गावच्या सेविकेला कळवा. फेब्रुवारीत आम्ही येईपर्यंत थांबू नका.